बहिणीसारखी

“बस,” इंगवले साहेब म्हणाले, तरी मी उभाच राहिलो.

त्यांच्या टेबलाच्या काचेवर एक निळं आंतरदेशीय पत्र उघडं पडलं होतं. लिहिणाऱ्यानं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलं असावं. उलट्या बाजूनंही मला त्यातले दोन शब्द वाचता आले. एक माझं आडनाव आणि दुसरं शैलाचं.

“उपाध्ये, मी सरळ विचारतो, तू सरळ सांग. तुझं आणि शैला कोष्टीचं काही आहे का?”

बरोबर उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द म्हणायला मला कुणी अडवलेलं नव्हतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि कोल्हापूरकडच्या एका लहानशा दूध संघात केमिस्ट होतो. संघाचं नाव सांगत नाही, आता तो संघही राहिलेला नाही. नोकरीला दोन वर्षं होत आली होती आणि त्याच आठवड्यात संचालकांच्या बैठकीत मला कायम करायचा विषय निघणार होता. शैला लॅबमध्ये मदतनीस. तिचे वडील आमच्याच बॉयलरवर होते, ते गेले तेव्हा संघानं त्यांच्या जागी मुलीला घेतलं. घरात ती आणि आई, दोघीच. चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे तिला ‘संघाची लेक’ म्हणायचे. असं म्हणवून घेणाऱ्या मुलीकडे बघायची कुणाची छाती होत नाही. माझी झाली, आणि त्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटायचं.

आमचं जमलं ते दुधाच्या वासावरून. इंगवले साहेब संघाचे मॅनेजर, त्यांचा एक नियम होता. एखादा कॅन संशयाचा वाटला की नमुना दोघांनी वेगवेगळा तपासायचा. एकानं काय ठरवलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या साहेबांकडे जायच्या, आणि दोन्हींवर एकच आलं तर ते खरं धरायचं. यंत्रावर माझा विश्वास, शैला नुसतं झाकण उघडून सांगायची, “म्हशीनं उसाचं वाडं खाल्लंय, दूध चांगलंय.” नाहीतर म्हणायची, “हे अर्ध्या तासात नासतंय बघा.” पहिल्या महिन्यात मी तिच्यावर हसलो. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, आमच्या चिठ्ठ्या कधीच वेगळ्या येत नाहीत. साहेब एकदा म्हणाले, “तुम्ही दोघं ठरवून लिहिता का रे?” शैला लाजली. तिला लाजलेली बघून मी पण लाजलो, आणि मग ठरवायला काही उरलंच नाही.

लग्न करायचं, हे पक्कं होतं. कधी सांगायचं एवढ्यावरच वाद होता.

“आत्ता सांगा,” ती म्हणायची. “चोरी केल्यासारखं किती दिवस वागायचं? मी काय पळून जातो का कुठं?” आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, तीही तसंच बोलायची.

“कायमचा हुकूम हातात पडू दे. मग घरी सांगतो, मग साहेबांना सांगतो.”

माझे वडील गावच्या जैन बस्तीत पूजा करायचे. कोष्ट्यांची मुलगी सून म्हणून आणली तर त्यांच्या हातची पूजा जाईल, असं मी शैलाला सांगत असे. सांगताना माझा गळाही भरून यायचा. खरं म्हणजे वडिलांना मी कधी विचारलंच नव्हतं. न विचारता मी त्यांच्या नावावर माझी भीती खपवत होतो.

तर इंगवले साहेब माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला. आता आठवतो तेव्हा तो चेहरा रागाचा वाटत नाही, पण तेव्हा मला दिसला खरा. मागल्या वर्षी असल्याच एका निनावी पत्रावरून पॅकिंगच्या सुपरवायझरला लांबच्या चिलिंग सेंटरवर फेकलं होतं. त्या सुपरवायझरला घरी बायको आणि दोन मुलं होती, म्हणून फेकलं होतं. हा फरक मला त्या क्षणी सुचला नाही. मला फक्त बैठक आठवली.

“छे छे साहेब,” मी म्हणालो. “काहीतरीच काय! ती मला बहिणीसारखी आहे.”

नुसतं नाही म्हणून भागलं असतं. बहीण मला कुणी मागितली नव्हती. पण आपल्याकडे घाबरलेल्या पुरुषाच्या तोंडी हे वाक्य तयारच असतं. ते माझ्याही तोंडातून पडलं.

साहेबांनी चष्मा काढला.

“बहिणीसारखी?”

“हो साहेब. बहिणीसारखीच.”

“बघ हां. नीट विचार करून सांग. घाबरून सांगू नको.”

“घाबरायचं काय त्यात? जे आहे ते सांगतो.”

त्यांनी पत्र घडी करून खणात टाकलं. “मग प्रश्नच मिटला. परवा राखीपौर्णिमा. कँटीनमध्ये आपला कार्यक्रम असतोच. तिच्या हातून राखी बांधून घे, चार लोकांदेखत. असली पत्रं लिहिणाऱ्यांची तोंडं बंद होतील, आणि पोरीचं नावही राहील.”

मी मान हलवली. होकाराची.

“पण एक लक्षात ठेव,” मी दाराशी पोचलो तेव्हा ते म्हणाले. “आधी तिच्याशी बोल. तिला सगळं नीट समजावून सांग. तिची तयारी असेल तरच. मला तमाशा नको, आणि तिच्या जिवाला त्रास नको.”

“सांगतो साहेब.”

लॅबमध्ये आलो तर शैला नळ्या धूत होती. मला बघितल्याबरोबर तिनं नळ बंद केला.

“काय म्हणाले ओ साहेब?”

“काही नाही. टँकरचं काहीतरी.”

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि हसली. ते हसू मी आजवर विसरलेलो नाही. मला वाटलं, हिला काही माहीत नाही म्हणून हसतेय.

“खोटं,” ती म्हणाली. “तुमचं तोंड सांगतंय. टँकरचं असतं तर तुम्ही एव्हाना शिव्या घालत आला असता.”

“परवा कार्यक्रमात कळेल.”

“परवा? सगळ्यांच्यासमोर?”

“हां.”

“अगो बाई,” ती म्हणाली, आणि ओले हात तसेच गालाला लावले.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तो दिवस होता, दुसरा अख्खा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंच होतो लॅबमध्ये, तासभर. मी वाक्यं जुळवत होतो. ‘नुसता दोरा आहे गं, नाटक आहे, हुकूम हातात पडला की आपण खरं सांगू.’ प्रत्येक वेळी वाटायचं, थोड्या वेळानं सांगू. ती गुणगुणत होती. कोणत्या साडीला कोणता ब्लाउज शोभेल ते मला विचारत होती, आणि मी उत्तरही देत होतो.

राखीपौर्णिमेला सकाळची पाळी संपली आणि अकराच्या सुमारास सगळे कँटीनमध्ये जमले. टेबलं भिंतीला लावून मध्ये सतरंजी अंथरली होती. ताटात राख्या, कुंकू, आणि आमच्याच संघाचे पेढे. दरवर्षी संघातल्या सात-आठ बायका साहेबांना, ड्रायव्हर लोकांना, हमालांना राख्या बांधायच्या. हसणं-खिदळणं चालायचं, चहा व्हायचा, आणि संध्याकाळच्या संकलनाआधी सगळे पुन्हा कामाला लागायचे.

शैला आली ती हिरवी इरकल नेसून. आईची असावी. केसात अबोलीचा गजरा. आणि तिच्या मागून तिची आई, हातात पिशवी घेतलेली. कार्यक्रमाला कुणी घरची माणसं आणत नसे. आई मागे भिंतीशी जाऊन बसली. माझी नजर तिच्याकडे गेली तेव्हा ती बाई माझ्याकडे बघून पदर सावरून हसली, जावयासमोर सावरावा तसा.

मला उठून बाहेर जाता आलं असतं. आजारी पडता आलं असतं. काहीच सुचलं नाही तर खरं बोलता आलं असतं. मी सतरंजीवर मांडी घालून बसून राहिलो.

साहेबांनी चार शब्द बोलून सुरुवात केली. संघ म्हणजे एक कुटुंब वगैरे. बायकांनी राख्या बांधल्या. मग साहेब म्हणाले, “आता आपली शैला. संघाच्या या लेकीला सख्खा भाऊ नाही. आमचे केमिस्ट उपाध्ये म्हणाले, मी आहे. ये गं, बांध त्याला राखी.”

टाळ्या वाजल्या. दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं, ते मला दिसलं. त्यांच्यापैकीच कुणीतरी पत्र लिहिलं असणार.

शैला उठली नाही. तिनं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी चूक झालीय, हे आता मी सांगेन, असं तिला वाटत असावं. ती वाट बघत होती. मला ते समजलं, अगदी स्पष्ट समजलं, आणि मी उजवा हात पुढे केला.

तो हात बघून ती उठली.

समोर येऊन बसली. कपाळाला कुंकू लावलं. ताटातली सगळ्यात साधी, लाल दोऱ्याची राखी उचलली. माझं मनगट घामानं ओलं झालं होतं, ते तिनं इरकलीच्या पदरानं पुसलं आणि राखी बांधली. एक गाठ मारली, मग दुसरी, मग तिसरी. माझं धाडस तिच्या डोळ्याकडे बघण्याचंही झालं नाही.

“ओवाळणी काय घालणार ओ केमिस्ट?” बायकांतून कुणीतरी ओरडलं. “बिनओवाळणीचा भाऊ नको आमच्या शैलाला!”

मी खिशात हात घातला. शैलानं मान हलवली.

“पैसे नकोत,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “माझ्या लग्नात कानपिळीला यायचं. मला भाऊ नाही. दादा, याल न्हवं?”

दादा. काल दुपारपर्यंत ती मला एकांतात नुसतं ‘अहो’ म्हणायची.

“येईन,” मी म्हणालो.

केवढ्या टाळ्या पडल्या! इंगवले साहेबांनी सुद्धा वाजवल्या, पण ते शैलाकडे बघत होते.

आता तिची आई. मला वाटलं होतं ती उठून निघून जाईल, निदान रडेल तरी. ती पुढे आली, पिशवीतून नारळ काढला, आणि नवीकोरी टॉवेल-टोपी. ती कशासाठी आणली होती, हे तिथं तिला, तिच्या मुलीला आणि मला एवढ्या तिघांनाच माहीत होतं. क्षणभर ती टोपी हातात धरून उभी राहिली. मग माझ्या डोक्यावर ठेवली.

“माझ्या पोरीला भाऊ न्हवता,” ती म्हणाली. “देवानं दिला म्हनायचं.”

ती टोपी घालून मी चहाचा कप हातात घेतला. लोक पाठ थोपटत होते.

शैला मला टँकर धुवायच्या फरशीवर सापडली. मी पळतच गेलो होतो.

“शैला, ऐक. नाटक आहे हे. साहेबांनी विचारलं, पत्र आलं होतं, तू समजून घे, बैठक एकदा होऊ दे—”

“मला मंगळवारी विचारलं,” ती म्हणाली.

“काय?”

“साहेबांनी. तुमच्या आदल्या दिवशी मला बोलावलं होतं. तेच पत्र दाखवलं. म्हणाले, तुझं उपाध्येशी काही आहे का? मी हो म्हणालो. लग्न करणार आहे म्हणालो.”

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“साहेब म्हणाले, त्याला यातलं काही सांगू नको. मी त्याला वेगळं विचारतो. दोघांचं एकच आलं तर चेअरमनना मी स्वतः सांगतो, तुमच्या घरी पण मी येतो. म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही केबिनमधून आलात, कार्यक्रमात कळेल म्हणालात...” ती थांबली. “आईला मीच घेऊन आलो. साहेब आज सांगणार आहेत म्हणून.”

दोन वर्षं रोज मी त्या पद्धतीनं चिठ्ठ्या लिहीत होतो. लॅबमधल्या नमुन्यांवर दुसऱ्या माणसाची चिठ्ठी आधीच गेलेली असते, हे मला पाठ होतं. आणि माझ्यापुढे माझाच नमुना ठेवला तेव्हा ते मला एकदाही सुचलं नाही. शैलाला साहेब विचारतील, आणि विचारलं तर ती खरं सांगेल, ही शक्यता मी धरलीच नव्हती. मी सगळ्यांना माझ्यासारखं समजत होतो.

“मी आत्ता जातो,” मी म्हणालो. “आत्ता साहेबांना सांगतो मी खोटं बोललो. हे तोडतो.” मी राखीला हात घातला.

“तोडू नका.”

“शैला, अगं अजून काही बिघडलेलं नाही!”

“माझं बिघडलंय.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “साहेबांना मी हो म्हणालो, तुम्ही नाही म्हणालात. दोघांतलं एकजण खोटं. आता कार्यक्रम झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पोरी, काय हे? तर मी सांगितलं, माझीच समजूत चुकली साहेब. ते साधं बोलायचे, मीच भलतं धरून बसलो. असं सांगून आलोय मी. आता तुम्ही तोडून गेलात तर मी आणि काय सांगू? आईला काय सांगू?”

“असं का सांगितलंस? तू खरं बोलली होतीस.”

“मग काय करायचं? तुमची बैठक हाय न्हवं शनिवारी?”

तिला एवढं फसवून सुद्धा ती माझ्याच नोकरीचा विचार करून आली होती, आणि मला लाज वाटायच्या आधी काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. तो क्षण तिनं बघितला. झाकण उघडल्याबरोबर दूध ओळखणारी बाई ती, तिला माझं तोंड ओळखायला किती वेळ लागणार?

“जावा, दादा,” ती म्हणाली. “चहा गार होईल.”

शनिवारी मी कायम झालो.

मी नंतर पाच-सहा वेळा तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. ती प्रत्येक वाक्याला ‘दादा’ लावून उत्तर द्यायची. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला धरून भांडलो असतो, रडलो असतो, पाया पडलो असतो. तिनं ते नातं खरंच घेऊन टाकलं, आणि मला आत यायला जागा ठेवली नाही. इंगवले साहेब मला त्यानंतर कधी ‘बस’ म्हणाले नाहीत. कामाचं तेवढं बोलायचे.

वैशाखात तिचं लग्न ठरलं. इचलकरंजीचा मुलगा, मागावरचा मेकॅनिक, नाव प्रकाश. पत्रिका द्यायला तिची आई माझ्या खोलीवर आली. “भावाबिगर कानपिळी कशी व्हायची?” एवढंच म्हणाली.

मी गेलो. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण एवढं एक तरी दिलेलं वचन पाळावं असं वाटलं. मांडव शाळेच्या पटांगणात होता. संघातले झाडून सगळे आले होते, इंगवले साहेबही होते. भटजींनी मला पुढे बोलावलं, माझ्या हातात लाह्यांचं सूप दिलं. शैलाची ओंजळ पुढे आली, तिच्या खाली नवऱ्यानं आपली ओंजळ धरली. मी लाह्या घातल्या. तीनदा. ती खाली बघत होती.

मग भटजी म्हणाले, “हं, आता पिळा नवरदेवाचा कान. चांगला जोरात!”

प्रकाशनं हसत मान पुढे केली. साधा, निर्मळ चेहऱ्याचा मुलगा होता. माझ्याबद्दल त्याला चांगलंच सांगितलेलं दिसत होतं. मी त्याचा कान धरला.

“नुसता धरून काय उपयोग?” मागून कुणीतरी ओरडलं. “दम द्या की! मेव्हण्याला दम द्यायचा असतो!”

“म्हणा,” भटजी म्हणाले, “माझ्या बहिणीला फसवलंस तर गाठ माझ्याशी आहे.”

कान माझ्या बोटात, प्रकाश वाकून वाट बघतोय, बायका हसतायत. मी शैलाकडे बघितलं. त्या राखीनंतर पहिल्यांदा तिनं नजर वर करून सरळ माझ्या डोळ्यात बघितलं.

“म्हणा की, दादा,” ती म्हणाली.

मी म्हणालो. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.